आमच्या घरचं लाकूड

३ मे

शेगडी एकदाची बसली. मिशन बंद करून सिस्टर लोक कॅनडाला परत गेल्या, तेव्हा जाताना ती आम्हाला देऊन गेल्या. तेव्हापासून ती पडवीत उलटी पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या होत्या. आज पत्र्यातून धुराडं बाहेर काढलं. माझा नवरा तेबेलो खुर्चीत बसून कामगारांना सूचना देत होता. दोन वाक्यं बोलायचा आणि धापा टाकत थांबायचा. जन्मभर सोन्याच्या खाणीत धूळ गिळली, तिचं हे बक्षीस. राजधानीतल्या, मासेरूच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलंय: ही छाती आपल्या या दक्षिणेकडच्या मे ते ऑगस्टच्या हिवाळ्यातून न्यायची असेल तर खोली गरम हवी, कोरडी हवी आणि धूर अजिबात नको.

म्हणजे शेण नको. हे गाव मेंढ्यांच्या वाडग्यातलं तुडवलेलं शेण लाद्यांसारखं कापतं, वाळवतं आणि तेच जाळतं. माणसांच्या ब्लँकेटांना, केसांना, पावालासुद्धा तो वास येतो. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन मी नवऱ्याच्या गावी आले ते शेणाच्या धुरात मरायला नाही. माझ्या घरात लाकूड जळेल.

दोन ढीग आहेत. मागे वॉटल बाभळीचा, खालच्या मुलखातून ट्रक भरून आणवला. आणि उत्तरेच्या भिंतीला, उन्हात, पीचचा. मिशनच्या बागेतली जुनी पीचची झाडं पडली होती, ती सिस्टरनी फोडून छपराखाली ठेवली होती. शेगडीबरोबर तीही आली. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणकन वाजतात.

शेजारची मासेचाबा कुंपणापाशी आली. पीचच्या ढिगाकडे बघून म्हणाली, "म्मे फिलोमिना, असलं लाकूड चुलीत घालायचं की चर्चमध्ये आल्तारावर ठेवायचं?" या बाईला कुठल्याही गोष्टीची थट्टा करता येते.

९ मे

आजची फजिती लिहायची नव्हती. पण कॉन्व्हेंटमध्ये शिकवलंय, जे लिहायला लाज वाटते ते आधी लिही.

पीच खऱ्या थंडीसाठी राखून वॉटलने सुरुवात केली. विकणाऱ्याने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं की सुकं आहे. लाकूड पेटलं नाही, नुसतं सुसू करत राहिलं. टोकांना फेस आला. पाइपच्या जोडातून काळं पाणी भिंतीवर ओघळलं, आणि मग सगळा धूर वर जायचा सोडून खोलीत आला. तेबेलोला उचलूनच बाहेर काढावं लागलं. मासेचाबा धावत आली, त्याला स्वतःच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून आपल्या झोपडीत घेऊन गेली आणि ज्वारीची आंबील पाजली. तो संध्याकाळपर्यंत तिच्या शेणाच्या चुलीजवळ बसला. माझ्या धुरात खोकला तेवढा तो तिथे खोकला नाही. हेही लिहून ठेवते.

मी न्यायला गेले तर ती म्हणाली, "एवढा काळा धूर बघून आम्हाला वाटलं, रोमच्या धुराड्यातूनच आला, तिथे अजून पोप ठरला नाही." तेबेलो हसला. हसता हसता खोकला. मला हसू आलं नाही.

११ मे

शिकले ते असं. ओलं लाकूड जाळणं म्हणजे पाणी जाळणं. ढीग जमिनीवर नको, खाली दगड हवेत. सालीची बाजू वर. फोडायचं ते कडक थंडीत, सकाळी, तेव्हा लाकूड आपणहून फाकतं. आणि शेगडीतली राख पूर्ण काढायची नाही, तिच्यावरच उद्याचा निखारा टिकतो. वॉटल पुढच्या वर्षीशिवाय जळायचं नाही. म्हणजे हा हिवाळा पीचवर. नीट मोजूनमापून जाळलं तर ऑगस्टपर्यंत पुरेल. त्यात एक काडीही वाया जायला नको.

२१ मे

वरच्या आळीतला म्हातारा गेला. त्याची बायको मापुलेंग चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते. मी मासेरूच्या पद्धतीने पाकिटात पैसे आणि शोकाचं कार्ड घालून पाठवलं.

दुपारी मासेचाबा आली. पाकीट गेलं ते चांगलंच झालं, म्हणाली, पण लाकडाचं काय? मी विचारलं, कसलं लाकूड. ती म्हणाली, मयताच्या घरी प्रत्येक घरातून एक भारा जातो, त्यावरच पाहुण्यांचं जेवण शिजतं, तुम्हाला माहीत आहे की. माहीत आहे. सासूबाई असताना त्याच न्यायच्या. पण सासूबाईंच्या घरात छातीचा रोगी नव्हता.

मी तिला सांगितलं, "हे लाकूड न्ताते तेबेलोच्या छातीचं औषध आहे. या अंगणातून एक काडी बाहेर जाणार नाही."

तिने ढिगाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं, म्मे," आणि गेली. हे जरा तोडून बोलणं झालं असेल. पण खरं बोलणं झालं.

२५ मे

औषधं आणायला तालुक्याला गेले होते. परतीच्या घाटात बर्फ पडलं आणि दोन रात्री तिथेच अडकले. घरी आले तर पीचच्या ढिगाला वरच्या बाजूने खड्डा पडलेला. मी रचून ठेवलेलं लाकूड मला ओळखू येत नाही असं ज्याला वाटतं त्याने माझ्याबरोबर एक्स्चेंजमध्ये एक दिवस काढायला हवा होता.

तेबेलोला विचारलं, कोणी आलं होतं का. तो म्हणाला, "फिलोमिना, त्याचं असं झालं—" आणि खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, बोलू नको, छाती दुखवू नको, मी बघते काय बघायचं ते. त्याने हात वर केला होता, तो मी ब्लँकेटखाली घातला.

३० मे

चर्चनंतर मापुलेंग माझ्याकडे आली. काळ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "म्मे, तुमचं लाकूड काय छान जळलं. पेटवलं आणि पेटलं. मोठं भांडं तुमच्याच लाकडावर चढवलं आम्ही."

विधवा बाई आहे म्हणून गप्प बसले. पण माझ्या धुराची गोष्ट गावभर झाली आहे आणि आता सुतकातल्या बायकासुद्धा टोमणे मारायला लागल्या, एवढं कळलं. मी म्हटलं, "देव तुम्हाला शांती देवो," आणि हात सोडवून घेतले. ती जरा गोंधळल्यासारखी दिसली. टोमणा लागला नाही की माणसं अशीच दिसतात.

२० जून

पुन्हा तालुक्याला. पुन्हा गावात एक मयत झालं, या वेळी नदीकडच्या घरातलं तान्हं मूल. पाकीट पाठवलं होतं. आणि मी परत आले तर ढीग पुन्हा खाली. या वेळी मला पुरावा मिळाला. पीचची साल लाल असते, आणि तिचे लहान लहान तुकडे माझ्या ढिगापासून कुंपणाच्या फटीतून थेट मासेचाबाच्या पाऊलवाटेवर गेलेत. मी वाकून वाकून ते बघत गेले. तिच्या दारापाशी वाट वळते, तिथपर्यंत गेले आणि थांबले. पुढे बघायची गरज नव्हती.

ती माझ्या नवऱ्याला आंबील पाजते, आणि त्याच्या छातीची ऊब चोरून नेते. मला फार संताप आला. तेबेलोला सांगितलं नाही. त्याने पुन्हा काहीतरी सुरू केलं होतं, "लाकडाचं म्हणशील तर, मासेचाबा..." मी म्हटलं, तिचं नाव या घरात काढायचं नाही. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

२८ जून

सरदार वारल्यापासून गावचा न्याय त्यांची बायकोच करते, सगळे तिला मामोरेना म्हणतात. तिच्याकडे गेले. घरी सांगितलं की झाडं तोडायची परवानगी मागायला चालले आहे.

मामोरेनाने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्मे फिलोमिना, आधी घरी जा. घरात विचारा. मग वाटलं तर परत या."

म्हणजे शिकलेली, बाहेरून आलेली सून खोटी, आणि इथेच जन्मलेली चोर खरी. मी म्हटलं, घरात विचारण्यासारखं काही नाही, माझा नवरा आजारी आहे. ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते." तीन वेळा तिने मला परत पाठवायचा प्रयत्न केला. मी बसून राहिले. शेवटी तिने तारीख दिली.

२ जुलै

निकाल माझ्या बाजूने लागला. तरी मन स्वस्थ नाही, ते का ते कळत नाही.

मामोरेनाच्या अंगणात पुरुष भिंतीला टेकून बसले होते, बायका समोर पाय पसरून. मापुलेंगही होती. मी सरळ आणि मुद्द्याचं बोलले. मासेचाबा उठून उभी राहिली. ब्लँकेटची पिन नीट लावली. मामोरेनाने विचारलं, "लाकडं घेतलीस?"

"घेतली."

"कुठे जाळलीस?"

"जिथे जळायला हवी होती तिथे."

पुरुष आपापल्या टोप्यांकडे बघत होते. मापुलेंगने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, उद्धटपणा बघून सगळे लाजले. मामोरेना माझ्याकडे वळली आणि तुम्हाला अजून काही विचारायचं आहे का, असं अगदी हळू म्हणाली. मी म्हटलं, "विचारायचं काही नाही. जेवढी नेली तेवढी परत हवीत. आणि सुकी हवीत. ओली मी घेणार नाही."

मासेचाबाने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. या दिवसांत डोंगरावर सुकं लाकूड कुठून आणणार, असं कोणीतरी मागून पुटपुटलं. ती म्हणाली, "आणते."

निघताना एकही बाई माझ्याबरोबर चालली नाही.

६ जुलै

आणली. सकाळी अंगणात पाच लांब वासे येऊन पडले. ती हाक न मारताच निघून गेली. काळपट, जड, जुनं रानऑलिव्हचं लाकूड. मधला भाग काचेसारखा गुळगुळीत, टोकांना खाचा. करवत चालवताना गड्याला घाम फुटला. असलं लाकूड तिच्याकडे होतं तर माझं चोरायला का आली? माणसाचा स्वभाव, दुसरं काय.

११ जुलै

इतकी छान शेगडी या हिवाळ्यात पेटली नव्हती. ऑलिव्ह संथ जळतं, धूर नाही, निखारा सकाळपर्यंत लाल राहतो. तेबेलो सलग झोपला. बाहेर गुडघाभर बर्फ. मासेचाबाच्या घरातून मात्र सारखं मेंढ्यांचं ओरडणं ऐकू येतंय, जणू घरातच भरल्यात. तिचा कारभार असाच.

१३ जुलै

आज तेबेलोला बरं वाटत होतं. तो स्वतः उठून शेगडीपाशी आला. एक वासा अजून कापायचा होता, भिंतीला उभा होता. त्याने गुळगुळीत भागावरून हात फिरवला, मग टोकाच्या खाचेत बोट घातलं.

"हे कुठून आणलंस?"

मी सांगितलं. सगळं. अभिमानानेच सांगितलं असावं.

तो खाली बसला. म्हणाला, "मासेचाबाचा नवरा आणि मी, दोघांनी मिळून वाडग्याचं फाटक केलं होतं. मी खाणीतून सुट्टीवर आलो होतो. ही खाच मी पाडली. आता मला पूर्ण बोलू दे. धाप लागली तरी मध्ये बोलू नकोस."

मी बोलले नाही. त्याला खूप वेळ लागला.

म्हाताऱ्याच्या मातीच्या वेळी मी तालुक्याला होते. मासेचाबा खिडकीशी आली आणि म्हणाली, न्ताते, सगळ्या घरांचं लाकूड गेलं, तुमचंच राहिलं. मयताच्या घरी तुमच्या घराचं नाव निघालं नाही तर उद्या तुमच्यावर वेळ आली की तुमच्या दारी लाकूड कोण आणील, आणि मामोरेना तरी कोणाला सांगेल. आपल्या डोक्यावर भारा नेला तिने, आणि तिथे सांगितलं, हे म्मे फिलोमिनाच्या घरचं. चांगलं बघून निवडलं, म्हणाली, कारण ओलं नेलं असतं तर तुम्हालाच हसले असते. तेबेलोनेच तिला घ्यायला सांगितलं होतं. बाळाच्या वेळीही. आणि दोन्ही वेळा त्याने मला सांगायचा प्रयत्न केला.

एवढी वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं जोडून देण्याचा पगार घेतला. माझ्या घरातल्या माणसाचं एक वाक्य मी पूर्ण होऊ दिलं नाही.

मापुलेंगने माझे हात धरले होते ते आठवतं. मी हात सोडवून घेतले होते. तेही आठवतं.

मेंढ्या खरंच घरात आहेत. फाटक नाही, कोल्हे फिरतात. फाटक मी जाळलं. फार छान जळालं, म्हणून इथेच लिहिलंय, दोन पानं मागे.

१४ जुलै

उरलेला एक वासा खांद्यावर घेऊन तिच्याकडे गेले. निम्म्या झोपडीत मेंढ्या, निम्म्यात ती. चुलीत शेणाची लादी. ऊब होती, आणि धूर माझ्या त्या दिवसाच्या धुराच्या अर्धाही नव्हता.

रात्रभर काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. मी विचारलं, "त्या दिवशी तू बोलली का नाहीस? न्यायाच्या वेळी?"

ती म्हणाली, "काय बोलायचं होतं, म्मे? तुमच्या घरचं लाकूड गेलं नव्हतं, असं सगळ्यांसमोर बोलायचं?"

मग एक मेंढी बाजूला सारून मला बसायला जागा केली. माझ्या झग्याकडे बघून म्हणाली, "बसा, पण आता तुम्हालाही वास लागणार." मी बसले. रडू येत होतं ते मी धुरावर ढकललं. तिने ढकलू दिलं.

मी म्हटलं, वॉटलचे लांब ओंडके आहेत माझ्याकडे, न फोडलेले. जाळायला ओले आहेत, फाटकाला चालतील. ती म्हणाली, "चालतील. न्तातेंना सांगा, खाचा ते दाखवतील."

२१ जुलै

मामोरेनाकडे जाऊन सांगितलं की तक्रार खोटी होती. ती म्हणाली, तक्रार सगळ्यांसमोर केली होती, मागेही सगळ्यांसमोर घ्या. आज गाव जमलं होतं. मी उभी राहिले. मी म्हटलं, मासेचाबाने चोरी केली नाही. दोन घरी मयत झालं आणि माझ्या घरातून मी लाकूड दिलं नाही. मी नाही म्हटलं होतं. तिने माझी लाज झाकली आणि मी तिला इथे उभं केलं.

मला वाटलं होतं, लोक काहीतरी बोलतील. बोलायला हवे होते. मी त्याच्यासाठी तयार होऊन आले होते.

मापुलेंग उठली. म्हणाली, "म्मे फिलोमिनाच्या घरचं लाकूड आमच्याकडे आलं होतं. त्याच्यावर मी माझ्या नवऱ्याचं जेवण शिजवलं. ते आलं नव्हतं असं मी कोणाला म्हणू देणार नाही."

बाळाची आई तिच्या मागून म्हणाली, "आमच्याकडेही आलं होतं."

आणि सगळे पुढच्या विषयाकडे वळले, कोणाची गाढवं कोणाच्या शेतात शिरली. मी उभीच होते. मासेचाबाने ब्लँकेटला धरून मला खाली बसवलं.

३ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. तेबेलोची छाती पुन्हा भरली होती, मी खोलीबाहेर पडले नाही. शेगडी एका निखाऱ्यावर धरून ठेवली. आज श्वास मोकळा झाला. सकाळी आंबील मागितली, आणि फाटकाची दुसरी खाच वाकडी पडली आहे, अशी तक्रारही केली. तक्रार करतोय म्हणजे ठीक आहे.

चर्चची घंटा काल वाजली होती ती कोणासाठी, ते आज कळलं. मापुलेंगची म्हातारी नणंद. मी पीचच्या ढिगापाशी गेले. फार उरलं नाही. उरलेल्यातलं सर्वांत चांगलं निवडलं, आपटून आपटून पाहिलं, भारा बांधला आणि डोक्यावर घेतला. कित्येक वर्षांनी डोक्यावर काही घेतलं. वाटेत दोनदा थांबून मान सावरली. बायका दारातून बघत होत्या, कोणी हसलं नाही, ते जास्त कठीण गेलं.

मयताच्या घरी लाकूड घ्यायला एक तरुण सून उभी होती. मला बघून ती बिचारी गडबडली. म्हणाली, "म्मे, तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुमच्या घरचं आलं की काल. म्मे मासेचाबा देऊन गेल्या. म्हणाल्या, न्ताते आजारी आहेत, तुम्हाला सवड नाही."

ढिगाच्या कडेला एक भारा होता. माझं पीच नव्हतं त्यात. माझ्या ढिगाला आता ती हात लावत नाही. पॉप्लरच्या बारीक फांद्या होत्या, आणि तिच्या वाडग्यातल्या शेणाच्या चार लाद्या, कडा सरळ कापलेल्या.

मी विचारलं, आणि तिच्या स्वतःच्या घरचं?

सून म्हणाली, "त्या म्हणाल्या, जमलं की आणते."

भारा डोक्यावरून उतरवायला तिने हात पुढे केले. मी म्हटलं, नीट धर, जड आहे. सुकं आहे, लगेच पेटेल.

"आणि कोणाचं म्हणून सांगू, म्मे?"

"मासेचाबाच्या घरचं," मी म्हटलं.